पिकाचूला शिव्या घालण्याआधी

पावसाळा संपून मांडव्याच्या बोटी पुन्हा सुरू झाल्या की ऑफिसच्या पिकनिका अलिबागकडे निघतात. आणि किहीमच्या सुरूच्या झाडांखाली बसून कुणीतरी हमखास ते वाक्य टाकतंच. "आजकालच्या पोरांना पिकाचू माहीत असतो राव, पण साधी साळुंकी ओळखता येत नाही." सगळे माना डोलावतात. एकदोघं सुस्कारे सोडतात. मग पुढचा विषय, इकडे गुंठ्याला काय भाव चाललाय.

मला ह्या वाक्याचा मनापासून राग येतो. माहिती खरीच आहे, त्याबद्दल वाद नाही. २००२ साली 'सायन्स' ह्या नियतकालिकात अँड्र्यू बामफर्ड आणि सहकाऱ्यांचं एक छोटं टिपण आलं होतं. ब्रिटनमधल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांना त्यांनी चित्रांची कार्डं दाखवली, काही खऱ्या प्राणी-वनस्पतींची, काही पोकेमॉनची. चार वर्षांची पोरं खऱ्यांपैकी साधारण ३२ टक्के ओळखत होती आणि पोकेमॉन जेमतेम ७ टक्के. आठव्या वर्षी खरे ५३, पोकेमॉन ७८! पण त्या टिपणाचं शीर्षकच असं होतं की निसर्गसंवर्धनवाल्यांनी पोकेमॉनकडून काहीतरी शिकावं. मुलांची स्मरणशक्ती उत्तम आहे, त्यांना शिकवणारे कमी पडतायत, असा त्याचा रोख. आपण त्यातून पोरांना झापायचं तेवढं घेतलं. आणि 'आजकालची पोरं' म्हणजे तरी कोण हो? कुरकुऱ्या-चिप्सच्या पुडीतले टॅझो जमवणारी ती पिढी आज आपल्याच टीममध्ये बसून कोड लिहितेय.

बरं, पोकेमॉन इतका चालला कसा? "मार्केटिंग" हे आळशी उत्तर आहे. मार्केटिंग तर शेकडो गेम्सचं झालं. १९९६ च्या फेब्रुवारीत जपानमध्ये पहिला गेम आला तेव्हा गेमबॉयचा पडदा होता १६० बाय १४४ पिक्सेलचा, राखाडी-हिरवट चार छटा, आणि समोरचा प्राणी जास्तीत जास्त ५६ बाय ५६ च्या चौकोनात बसवायचा. आज आपण एका बटणाच्या आयकॉनला ह्याहून जास्त जागा देतो. तेवढ्यात असे १५० प्राणी काढायचे की नुसती बाह्याकृती पाहून पोरगं नाव सांगेल. शेवटी डीबगिंगचा कोड काढून टाकल्यावर सुमारे ३०० बाइट मोकळे झाले, त्यात शिगेकी मोरिमोतो ह्या प्रोग्रॅमरने गुपचूप १५१ वा प्राणी घुसवला, म्यू. रिलीजच्या तोंडावर असला उद्योग आपल्यापैकी कुणी केला तर काय होईल ते सांगायला नको :-)

पण खरी करामत चित्रात नाही, नोंदवहीत आहे. प्रत्येक प्राण्याला नाव, नंबर, राहण्याची जागा, ताकद, कमजोरी. गवतात सापडणारा पाण्यात सापडणार नाही. सुरवंटासारखा कॅटरपी, त्याचा कोश मेटापॉड, त्यातून बटरफ्री. (गेमवाले ह्याला 'इव्होल्यूशन' म्हणतात. ते रूपांतरण आहे, उत्क्रांती नव्हे. डार्विनच्या आत्म्यास शांती लाभो.) कार्टूनमध्ये तर प्राणी स्वतःचंच नाव ओरडतो, पिका-पिका करत. आपल्याला हे हास्यास्पद वाटतं. मग टिटवीला टिटवी का म्हणतात? कावळ्याला कावळा का? 'पेरते व्हा' म्हणणारा पावशा शेतकऱ्याच्या पोराला कुणी कार्डावर शिकवला नव्हता. हीच युक्ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. आपण ती टाकली आणि जपान्यांनी उचलली, तर दोष जपान्यांना?

बरं, उचलली कुणी ते पाहा. सातोशी ताजिरी, जन्म १९६५, टोकियोच्या कडेच्या माचिदात वाढलेला. लहानपणी किडे पकडायचं इतकं वेड की पोरं त्याला 'डॉक्टर बग' म्हणत. तेव्हा तिथे भातखाचरं होती, तळी होती. मग शहर सरकत आलं. ज्या तळ्यात गळ टाकायचे त्या जागी व्हिडिओ गेमचं पार्लर उभं राहिलं. किडे गेले, पोरगं पार्लरमध्ये गेलं. पुढे दोन गेमबॉय जोडणारी केबल पाहून त्याच्या मनात आलं की ह्या वायरीवरून किडे इकडून तिकडे जात असतील तर? पोकेमॉनचं मूळ हे असं आहे. निसर्गापासून पोरांना तोडणारा म्हणून ज्याला आपण झोडपतो, तो गेम बुजवलेल्या तळ्याच्या आठवणीतून आलाय. तळं आधी बुजलं, गेम नंतर आला. क्रम लक्षात ठेवा.

आता किहीमकडे येऊ, कारण ते वाक्य नेमकं इथे बसून बोललं जातं ह्याचंच मला नवल वाटतं. सलीम अली बर्लिनला पक्षिशास्त्र शिकून १९३० मध्ये परतले. मुंबईच्या म्युझियममध्ये त्यांची गाइड-लेक्चररची नोकरी होती, ती पैशाअभावी रद्द झालेली. आपल्या भाषेत लेऑफ. पत्नी तेहमिनाबरोबर ते किहीमला येऊन राहिले आणि इथे त्यांना सुगरणींची वसाहत सापडली. बेंचवर बसलेल्या माणसाने त्या पावसाळ्यात जे पाहिलं ते १९३१ मध्ये मुंबईच्या बीएनएचएसच्या जर्नलमध्ये छापून आलं, आणि सुगरणीबद्दलची आपली समजूत उलटीपालटी झाली.

मराठी माणसाच्या डोक्यात सुगरण म्हणजे बहिणाबाईंच्या कवितेतली आई, पिलांसाठी खोपा बांधणारी. कवितेला ते माफ आहे. प्रत्यक्षात खोपा बांधतो नर! भाताची, गवताची, माडाची पाती उभी चिरून धागे काढतो आणि हेल्मेटसारखं अर्धं घरटं विणून थांबतो. माद्या येतात, आत शिरून तपासतात. कुणाला पसंत पडलं तरच पुढचं काम, अंड्यांची खोली आणि खाली लांब नळी. नापसंत असेल तर अर्धवट सोडून नवीन. एकीने घर घेतलं, अंडी घातली, की हा पठ्ठ्या शेजारी दुसरं बांधायला घेतो, दुसरीसाठी. अंडी उबवणं तिच्याच गळ्यात. आपल्या पश्चिम किनाऱ्याकडे घरटी बहुधा झाडाच्या पूर्वेच्या अंगाला असतात, नैर्ऋत्येच्या पावसाची झड चुकवायला.

आता मला सांगा, डिझाइन म्हणून हे कोणत्या पोकेमॉनपेक्षा कमी आहे? डोक्यावर पिवळी टोपी घालून मिरवणारा नर आहे, अवस्था आहेत, नकाराची शक्यता आहे, काटेरी बाभळीची किंवा विहिरीवर झुकलेल्या फांदीची संरक्षण-व्यवस्था आहे. २०१६ मध्ये पोकेमॉन गो भारतात अधिकृतपणे यायच्या आधीच आपण मोबाइल धरून रस्तोरस्ती फिरत होतो, डिसेंबरची वाट न पाहता. म्हणजे चालायची, हुडकायची हौस आहे. पण किहीमला आलेल्या पोराला सुगरणीबद्दल कुणी काय सांगतं? "ते बघ घरटं, फोटो काढ."

इथे कुणी म्हणेल, अहो पण पोरं स्क्रीनमधून डोकं वर काढतच नाहीत. काढतील कशासाठी? चोंढी नाक्यावरून किहीमकडे वळलं की भाताच्या खाचरांच्या जागी कंपाउंडच्या भिंती आणि 'सी-व्ह्यू' प्लॉटच्या पाट्या दिसतात. आत बारीक कापलेली लॉन. सुगरणीला लांब पातं लागतं, पिलांना भरवायला किडे लागतात. लॉनवर लांब पातं उगवू देत नाहीत आणि किडे दिसले की फवारा मारतात. हे प्लॉट पिकाचूने घेतले नाहीत. दीड तासाच्या अंतरावर 'नेचर' हवं म्हणून आपण आयटीवाल्यांनी, बँकवाल्यांनी हप्त्यावर घेतले. माचिदात जे झालं तेच इथे होतंय, आणि पोरांना झापणारे काका स्वतःच त्या व्यवहाराचा ॲडव्हान्स देऊन आलेले असतात.

घेऊ नका म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, मी सांगतही नाही. निदान जुन्या विहिरीवरची शिंदी-बाभूळ तोडू नका आणि प्लॉटच्या एका कोपऱ्यात गवत वाढू द्या. माळी कुरकुरेल, साप येतील म्हणून शेजारी घाबरवतील. आणि पोराला एकदा पावसाळ्यात आणा, रेनकोट घालून, कारण सगळा खेळ तेव्हाच चालतो. नेहमीच्या बऱ्याच बोटी बंद असतात, कधी पेणवरून वळसा पडतो, हे मान्य.

तिकडच्या एका रिसॉर्टात बारच्या वर आठ-दहा सुकलेले खोपे टांगून आत पिवळे बल्ब सोडलेत. मी खाली उभं राहून नीट पाहिले. त्यातल्या तिघांना नळीच नाही. म्हणजे हेल्मेटवरच थांबलेले, मादीने नापसंत केलेले.