पाय धडधाकट, पण आपला वाटत नाही



आमच्या खारघरला टाटाचे ॲक्ट्रेक आहे. कर्करोगाच्या उपचारासाठी तेथे गावोगावची माणसे येतात. हाडाच्या कर्करोगात जीव वाचविण्यासाठी कधी कधी पाय कापावा लागतो. तो वाचावा म्हणून घरचे लोक डॉक्टरांना हात जोडतात. अशा वस्तीत एखादा म्हणाला, "माझा डावा पाय धडधाकट आहे, पण तो मला माझा वाटत नाही. तो नसता तर बरे झाले असते," तर आपण काय म्हणू? कोणी हसेल, कोणी सवलतीसाठी सोंग करतो म्हणेल, कोणी भगताचा पत्ता देईल.

परंतु अशी माणसे खरोखरच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या नव्या यादीत या विकाराची नोंद केली असून ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. बॉडी इंटिग्रिटी डिसफोरिया हे त्याचे नाव.

अपघातात पाय गमावलेल्या माणसाला नसलेल्या पायाची बोटे दुखतात, हे आपण ऐकले आहे. पाय जातो, पण मेंदूतली त्याची जागा राहते. येथे उलटे घडत असावे, असे काही शास्त्रज्ञ म्हणतात. मूळचे तामिळनाडूचे डॉ. व्ही. एस. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा चार जणांची तपासणी केली. नकोशा भागाला स्पर्श केला असता मेंदूच्या उजव्या बाजूच्या एका भागात अपेक्षित प्रतिसाद उमटला नाही, असे त्यांनी २०११ मध्ये मांडले. हा शेवटचा शब्द नव्हे, पण हे सोंग नाही एवढे यावरून समजावे.

हा माणूस वेडा नसतो. तो कामावर जातो, घर चालवतो. पाय निरोगी आहे हेही त्याला ठाऊक असते. ही भावना बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होते. घरात कोणी नसताना तो पाय दुमडून बांधतो, कुबडी घेऊन चालून पाहतो. घटकाभर जीव शांत होतो, मग शरम खाते. बायकोलाही तो सांगत नाही. असह्य झाले की काही जण स्वतःच पायाला इजा करतात आणि त्यात प्राणावर बेतते.

स्कॉटलंडमधील फॉलकर्क येथे रॉबर्ट स्मिथ या सर्जनने १९९७ व १९९९ मध्ये अशा दोघांचे निरोगी पाय काढले. २००० साली हे बाहेर आले, मोठा वाद झाला आणि रुग्णालयाने अशा शस्त्रक्रिया थांबविल्या. ते योग्य की अयोग्य, यावर डॉक्टरांचे आजही एकमत नाही. खात्रीचा इलाज अजून सापडलेला नाही. मात्र मानसोपचाराने व औषधाने सोबतची उदासी कमी होऊ शकते.

कष्टकऱ्याच्या घरात हातपाय हीच पुंजी असते. म्हणून असे बोलणे ऐकून घरच्यांना राग येणार, हे आम्ही जाणतो. तरीही मारझोड, टिंगल आणि अंगारा-धुपारा नको. बाबासाहेबांनी १९५६ साली २२ प्रतिज्ञा दिल्या, त्या भगताच्या दारात उभे राहण्यासाठी नव्हेत. सर्वांनी टाकलेल्या आजारी भिक्खूला तथागतांनी आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले, आणि आजाऱ्याची सेवा हीच माझी सेवा असे सांगितले. जो आजार आपल्याला कळत नाही, त्यालाही हा उपदेश लागू आहे.

तेव्हा घरात कोणी असे बोललेच, तर आधी पूर्ण ऐकून घ्या. चार लोकांत वाच्यता करू नका. स्वतःला इजा करण्याची भाषा असेल तर एकटे सोडू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तेथे मराठीतही बोलता येते. ठाण्याला सरकारी मनोरुग्णालय आहे. सरकारी मानसोपचार मिळणे हा २०१७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे, उपकार नाही. हा क्रमांक विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा. ज्याला गरज आहे तो कोणाला न विचारता उतरवून घेईल.

जयभीम! नमो बुद्धाय!