लेखकाची कागदपत्रे कोणाच्या स्वाधीन?

धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील तेरखेडा हे गाव फटाक्यांसाठी साऱ्या मराठवाड्यात ओळखले जाते. फटाक्याच्या वेष्टनाला कागद लागतो आणि त्या कामी रद्दीचा कागद चालतो. ही रद्दी कोणाच्या घरून आली, हे विचारीत बसण्याचे कारागिराला कारण नाही. तो त्याचा पोटाचा धंदा आहे. आमचा प्रश्न आहे तो रद्दी वजनावर घालणाऱ्या सुशिक्षित घरांना. लेखक डोळ्यांआड झाला की त्याच्या वह्या, पत्रांचे गठ्ठे आणि खाडाखोड केलेले खर्डे तागडीत टाकण्याची जी घाई आपल्याकडे दिसते, तिच्याविरुद्ध आम्हांला चार स्पष्ट शब्द लिहावयाचे आहेत.

ह्या घाईचे पहिले समर्थन असे की, ग्रंथ तर छापले गेले, मग कागद हवेत कशाला? ह्याचे उत्तर कोल्हापुरात आहे. शिवाजी विद्यापीठाच्या आवारात वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय आहे. खांडेकरांचा जन्म १८९८ चा, मृत्यू १९७६ चा. शिरोड्यासारख्या लहान गावातील शाळेत त्यांनी १९२० पासून १९३८ पर्यंत अध्यापन केले, आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून तो मान मराठीला प्रथम आणून दिला. त्यांची पत्रे, हस्तलिखिते आणि वापरातील वस्तू तेथे सांभाळल्या आहेत. 'ययाति' कोणत्याही दुकानात मिळते, म्हणून हा संग्रह निरर्थक ठरला काय? मुळीच नाही. नियतकालिकांत विखुरलेले आणि अप्रकाशित राहिलेले त्यांचे लेखन डॉ. सुनीलकुमार लवटे यांनी जमवून संपादिले आणि त्याचे अनेक खंड खांडेकरांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी वाचकांच्या हाती आले. 'एका पानाची कहाणी' हे आत्मचरित्रही मरणोत्तरच प्रसिद्ध झाले. कागद राहिले, म्हणून लेखक पुन्हा बोलू लागला. उत्तरायुष्यात दृष्टी गेल्यावर खांडेकर मजकूर सांगत आणि दुसरे तो उतरवून घेत. अशा लेखकाचे अक्षर कोठे थांबले आणि लेखनिकाचे कोठे सुरू झाले, हे छापील पुस्तक कधीच सांगणार नाही.

आणि छापील ग्रंथ टिकतोच, असे आम्हां ख्रिस्ती लोकांनी तरी म्हणू नये. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली राशोल येथे छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हाताने उतरलेल्या आणि जतन केलेल्या प्रतींमुळे. त्यांच्याच आधारे १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा छापला गेला. त्याची देवनागरी हस्तलिखित प्रत हाती लागली ती लंडनमध्ये! मराठीचा हा ठेवा शोधण्यास आपणांस सातासमुद्रापार जावे लागले, ह्याचा अभिमान बाळगावा की लाज, हे वाचकांनीच ठरवावे.

दुसरे समर्थन अधिक नाजूक आहे. लेखकाच्या कागदांत कर्जाच्या गोष्टी असतात, घरातील कलह असतात, श्रद्धेच्या अंधाऱ्या रात्री असतात. कुटुंबाची अब्रू उघड्यावर का मांडावी? ही भावना आम्ही तुच्छ लेखीत नाही. पत्रे एकट्या लेखकाची नसतात; ती ज्यांनी लिहिली आणि ज्यांच्याविषयी लिहिली, त्यांचाही मान राखला पाहिजे. परंतु ह्यावरचा उपाय मुदत आहे, काडी नव्हे. अमुक गठ्ठा वीस वर्षे वा तीस वर्षे उघडू नये, असे लिहून मोहरबंद पाकिटात द्यावा. काळ लोटतो, दुखावणारे आणि दुखावलेले दोघेही देवाघरी जातात, आणि उरते ते केवळ माणसाचे सत्य. पोप लिओ तेरावे यांनी १८८१ साली व्हॅटिकनचे दफ्तर संशोधकांना खुले केले. पोप पायस बारावे यांच्या काळातील वादग्रस्त कागदपत्रे पोप फ्रान्सिस यांनी २ मार्च २०२० रोजी अभ्यासासाठी उघडली. एवढी मोठी संस्था आपल्या इतिहासाला सामोरी जाऊ शकते, तर एका कादंबरीकाराच्या वारसांनी त्याच्या रोजनिशीला इतके का भ्यावे?

तिसरे समर्थन आजच्या काळाचे आहे: सारे भ्रमणध्वनीवर टिपून घ्या आणि कागद फेकून द्या. प्रतिमा अवश्य घ्याव्यात. दूरच्या अभ्यासकाची त्याने सोय होते. परंतु यंत्र बिघडते, परवलीचा शब्द विसरला जातो, जुनी तबकडी नव्या संगणकात चालत नाही. कागदाला फक्त कोरडी जागा आणि जागरूक माणूस लागतो. प्रतिमा ही मूळ कागदाची सोबतीण आहे, वारसदार नव्हे.

आता तक्रार राहते ती संस्थांविषयी. उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, जानेवारी २०२० मध्ये ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष झाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळाला, तो मराठवाड्याच्या भूमीत. २५ जुलै २०२४ रोजी फादर निवर्तले. संमेलनाचा मांडव तीन दिवसांत उतरतो. ग्रंथालयाचे कपाट पिढ्यान्‌पिढ्या उभे राहते. आपण मात्र मांडवासाठी वर्गणी हौसेने देतो आणि कपाटासाठी हात आखडतो. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळे खेडोपाडी 'अ' ते 'ड' वर्गांची ग्रंथालये अनुदानावर चालतात. त्यांतील प्रत्येकाने आपल्या पंचक्रोशीतील लिहित्या माणसांसाठी एक कुलपाचे कपाट राखावे, ही मागणी अवाजवी आहे काय? तेरखेड्याच्या मुलाला आपल्या भागातील लेखकाचा खर्डा पाहावयास मुंबई-पुण्याचे भाडे का पडावे? जेथे लहान ग्रंथालयाला हे पेलणार नाही, तेथे मूळ कागद विद्यापीठाकडे सोपवावेत. पण सूची आणि प्रती गावात राहाव्यात.

वाचकहो, हे काम आपणांस अपरिचित नाही. बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्या धर्मग्रामात ठेवणे कॅनन कायद्याने बंधनकारक आहे; धर्मग्रामाचे दफ्तर असावे आणि जुन्या वह्याही काळजीने जपाव्यात, असे त्याचे ५३५ वे कलम सांगते. पणजोबांच्या बाप्तिस्म्याची तारीख आपल्याला मिळते, ती कोणा अनाम धर्मगुरूने शाई आणि धीर खर्चिला म्हणून. जो समाज प्रत्येक जन्माची नोंद ठेवतो, त्याने एका पुस्तकाच्या जन्माची नोंद रद्दीत का घालावी?

करावयाचे ते फार नाही. कागदांचा मूळ क्रम मोडू नये. गंजणाऱ्या टाचण्या आणि टाके हलक्या हाताने काढावेत. चिकटपट्टी लावू नये, प्लास्टिकचे कायमचे आवरण चढवू नये. स्वच्छ सुती कापडात बांधून, ओल आणि वाळवी यांपासून दूर, भिंतीला न टेकता ठेवावे. एक यादी करावी आणि देणगीपत्र लेखी द्यावे. कागद दिला म्हणजे हक्क गेला, ही भीतीही खोटी आहे. कागदाची मालकी वेगळी आणि लेखाधिकार वेगळा. आपल्या कायद्याप्रमाणे तो लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे वारसांकडे राहतो. खांडेकरांच्या बाबतीत तो २०३६ अखेरपर्यंत चालेल.

म्हणून आमचे म्हणणे हे की, ज्या घरात कोणी लिहिणारा होऊन गेला, त्या घराने त्याचा कागद रद्दीवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी एकदा धर्मग्रामात वा ग्रंथालयात विचारावे. आणि ज्या ग्रंथालयाला असा कागद देऊ केला जाईल, त्याने 'जागा नाही' हे उत्तर देऊ नये. जागा एका कपाटाचीच लागते. तेवढी आपण आज केली नाही, तर उद्या आपल्याच लेखकाचा शोध घेण्यास आपल्या नातवंडांना पुन्हा लंडन गाठावे लागेल.