तमनारची खाण आपलीच आहे

पावसाळा सुरू झाला की जोहे, हमरापूर, कळवे या पेणच्या पट्ट्यातले गणपतीचे कारखाने रात्रीही थांबत नाहीत. दमट हवेत माती लवकर सुकत नाही, म्हणून मूर्तींवर पंखे लावून ठेवावे लागतात. रंगाच्या गनला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर तासन्‌तास चालतो आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराला स्वच्छ उजेड लागतो. ही वीज महावितरणच्या तारांतून येते आणि तिचा मोठा हिस्सा राज्य सरकारच्या महानिर्मिती कंपनीच्या औष्णिक केंद्रांत तयार होतो. एका युनिटमागे साधारण 600 ते 700 ग्रॅम देशी कोळसा लागतो. महिन्याला 300 युनिट वापरणाऱ्या छोट्या कारखान्यामागे दूर विदर्भात कुठेतरी 200 किलोच्या आसपास कोळसा जळतो आणि त्यातला तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, राख होऊन मागे राहतो. वीजबिलात या कोळशाची किंमत धरलेली असते. तो कुणाच्या शेताखालून निघाला आणि त्या माणसाला कुणी विचारलं होतं का, हे मात्र बिलात नसतं, आणि ते आपण विचारायला हवं.

हा प्रश्न पेणकरांपुढे मांडण्याला कारण आहे. विचारलं जाण्याचा हक्क या तालुक्याने झगडून मिळवला आहे. महामुंबई सेझसाठी (विशेष आर्थिक क्षेत्रासाठी) शेतजमिनी घ्यायचं ठरलं तेव्हा प्रा. एन. डी. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले आणि 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत सरकारला सार्वमत घ्यावं लागलं. निकाल अधिकृतपणे जाहीर झाला नाही, पण लोकांचा कौल काय होता हे सगळ्यांना कळलं आणि तो सेझ पुढे बारगळला. खाडीपलीकडे अलिबाग तालुक्यात शहापूर-धेरंडच्या खारेपाटात टाटा पॉवरचा 1600 मेगावॉटचा कोळशावरचा प्रकल्प येऊ घातला होता. तिथल्या शेतकऱ्यांनी भातशेतीचा आणि जिताडे पोसणाऱ्या तळ्यांचा हिशेब मांडला आणि ही जमीन नापीक नाही, हे सरकारदरबारी पुन्हा पुन्हा सांगितलं. तो प्रकल्पही उभा राहिला नाही. कोळसा नको म्हणायची ताकद रायगडच्या शेतकऱ्याकडे होती, कारण तो संघटित होता, मुंबईच्या जवळ होता आणि त्याची बाजू वर्तमानपत्रांत येत होती.

आता छत्तीसगडच्या रायगढ जिल्ह्यातल्या तमनार तालुक्याकडे पाहू. तिथली गारे पेलमा सेक्टर 2 ही खाण महानिर्मितीला मिळालेली आहे. चंद्रपूर, कोराडी आणि परळीच्या केंद्रांसाठी तिथून वर्षाला 2 कोटी 36 लाख टन कोळसा काढण्याचा बेत आहे. खाणीच्या कक्षेत 14 गावं आणि अडीच हजार हेक्टरांहून जास्त जमीन येते, तीत 200 हेक्टरांवर जंगल आहे. खाण चालवण्याचं काम अदानी समूहातल्या कंपनीकडे असलं, तरी मालकी महानिर्मितीची, म्हणजे महाराष्ट्र सरकारची, म्हणजे आपली. केलो नदीच्या या खोऱ्यात आधीच अनेक खाणी आणि औष्णिक केंद्रं आहेत. मोहाची फुलं, तेंदूपत्ता, चारोळी यांवर घराचं अर्धं वर्ष निघतं असा हा आदिवासी मुलूख आहे. जानेवारी 2024 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या खाणीची पर्यावरण मंजुरी रद्द केली. जनसुनावणी नियमाप्रमाणे झाली नाही आणि परिसरातल्या लोकांच्या आरोग्याविषयीचा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा अहवाल विचारात घेतला गेला नाही, ही त्यामागची ठळक कारणं होती. सातच महिन्यांनी, ऑगस्ट 2024 मध्ये, केंद्रीय मंत्रालयाने नव्याने मंजुरी दिली. जून 2025 च्या अखेरीस मुडागाव आणि सराईटोला इथे मोठ्या पोलीस बंदोबस्तात हजारो झाडं तोडली गेली. ग्रामसभेने संमती दिलेली नाही, असं गावकरी सांगत होते. विरोध करणाऱ्यांना पोलिसांनी ताब्यात घेतलं. तमनार घटनेच्या पाचव्या अनुसूचीत येतं, तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे, वनहक्क कायदाही आहे. म्हणजे पेणला जे आंदोलनाने मिळवावं लागलं, ते तमनारला कायद्यानेच द्यायला हवं होतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हा छत्तीसगड सरकारचा आणि केंद्राचा विषय आहे, महाराष्ट्राने त्यात काय करावं? जमीन संपादन आणि पोलीस बंदोबस्त छत्तीसगडच्या हातात आहे, हे खरं. पण खाणीचा मालक म्हणून अर्ज महानिर्मितीने केला, मंजुरी महानिर्मितीला मिळाली, कोळसा महानिर्मितीच्या केंद्रांत जळणार. मालकाने आपल्या नावाने चाललेल्या कामाची जबाबदारी राज्याच्या सीमेवर सोडून द्यायची, हे कुठल्याही व्यवहारात चालत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. कोळसा नसेल तर भारनियमन येईल आणि त्याचा फटका आधी बसेल तो जोहेच्या कारागिराला, वाडीवरच्या घराला. श्रीमंतांकडे जनरेटर आहेत. शिवाय स्वतःची खाण नसेल तर आयात कोळसा घ्यावा लागतो आणि दर चढतात. हे नाकारण्यात अर्थ नाही. उद्या सकाळी सगळी केंद्रं बंद करा, असं म्हणणंही बेजबाबदारपणाचं ठरेल. पण खाणीचा कोळसा स्वस्त पडतो तो का, हे तपासलं पाहिजे. त्यातली काही बचत वाहतुकीची असेल. बाकीची तमनारच्या शेतकऱ्याची जमीन, तिथल्या बाईला मैलभर लांब गेलेलं पाणी आणि मुलांच्या छातीत साठणारी धूळ यांतून निघते. नागपूरजवळ कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बांध जुलै 2022 मध्ये फुटला आणि राखेचा गाळ आसपासच्या शेतांत नि पाण्यात गेला. त्याची किंमतही कुठल्या युनिटमध्ये धरली गेली? दर कमी राहतो याचं कारण खर्च झालाच नाही असं नव्हे, तो दुसऱ्याने भरला असं आहे.

नुकसानभरपाई आणि नोकऱ्या मिळतात, हेही नेहमी ऐकवलं जातं. काहींना मिळतातही. पण संमती मागितल्यावर दिलेला मोबदला आणि झाडं पडल्यावर हातात ठेवलेला धनादेश यांत फरक आहे आणि तो फरक पेणच्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. खारबंदिस्ती करून मिळवलेल्या जमिनीचा बाजारभाव आणि तिचं मोल या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने सेझच्या वेळीच सांगून टाकलं होतं.

महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरनिश्चितीच्या सुनावणीत कोणताही ग्राहक हरकत नोंदवू शकतो. तिथे आजवर वाद झाला तो पैशांचा: इंधन समायोजन आकार किती, गळती किती. पेण-रोह्यातल्या ग्रामपंचायतींनी, मूर्तिकारांच्या संघटनांनी आणि शेतकऱ्यांनी पुढच्या सुनावणीत एक साधी मागणी लेखी द्यावी. महानिर्मितीने प्रत्येक खाणीसाठी ग्रामसभांच्या ठरावांच्या प्रती, पुनर्वसनाची आजची स्थिती आणि लोकांच्या आरोग्याची तपासणी जाहीर करावी, आणि हे सगळं जाहीर होईपर्यंत त्या खाणीच्या कोळशाचा खर्च दरात धरू नये. रायगडच्या आमदारांनी हाच प्रश्न ऊर्जामंत्र्यांना विधिमंडळात विचारावा. मुडागावच्या ग्रामसभेचा ठराव नेमका काय आहे, त्याची मराठी आणि हिंदी प्रत सभागृहाच्या पटलावर ठेवा, एवढं सांगायला कुठल्याही नव्या कायद्याची गरज नाही.