स्वायत्ततेचा हिशेब द्या! : कुर्दिस्तानच्या नागरिकांचा जाहीरनामा

एर्बिल, सुलेमानिया, दुहोक आणि हलब्जाच्या बंधू-भगिनींनो,

आम्ही शिक्षक आहोत, दवाखान्यातल्या परिचारिका आहोत, पेशमर्गा सैनिकांच्या विधवा आहोत, पदवी घेऊन घरी बसलेली मुले आहोत. इराकी कुर्दिस्तानची स्वायत्तता टिकावी आणि ती जनतेच्या ताब्यात यावी, यासाठी आज आम्ही ही चळवळ उभी करत आहोत.

ही स्वायत्तता कोणी दान दिलेली नाही. ११ मार्च १९७० ला बगदादने करार केला आणि मोडला. ६ मार्च १९७५ ला अल्जिअर्समध्ये इराणच्या शहाने सद्दामशी सीमेचा सौदा केला आणि आमचा लढा वाऱ्यावर सोडला. १९८८ मध्ये सद्दामची अन्फाल ही संहार मोहीम आली. त्याच वर्षी १६ मार्चला हलब्जावर विषारी वायू सोडला, सुमारे ५,००० माणसे गेली. १९९१ च्या उठावानंतर लाखो लोक लेकरे पाठीशी बांधून डोंगर चढले, तेव्हा कुठे जगाला जाग आली. २००५ च्या इराकी राज्यघटनेत आमच्या प्रदेशाला मान्यता मिळाली, ती या सगळ्यानंतर.

आणि आपल्याच घरात काय झाले? १९९२ च्या पहिल्या निवडणुकीनंतर केडीपी आणि पीयूके या दोन पक्षांनी सत्ता निम्मी-निम्मी वाटून घेतली. १९९४ मध्ये तेच वाटेकरी एकमेकांवर गोळ्या झाडू लागले. ३१ ऑगस्ट १९९६ ला केडीपीच्या बोलावण्यावरून सद्दामचे रणगाडे एर्बिलमध्ये शिरले. पीयूकेने इराणचा हात धरला. अन्फालला दहा वर्षेही झाली नव्हती! १९९८ मध्ये वॉशिंग्टनमध्ये समेट झाला, पण पेशमर्गांचे ७० क्रमांकाचे दल पीयूकेच्या हुकमात राहिले आणि ८० क्रमांकाचे केडीपीच्या. २५ सप्टेंबर २०१७ च्या सार्वमतात ९२ टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याच्या बाजूने पडली. १६ ऑक्टोबरला किर्कुक हातचे जाऊन बगदादच्या फौजेकडे गेले. काही तुकड्या लढल्या, काही न लढता मागे फिरल्या, कारण हुकूम एका ठिकाणाहून येत नव्हता. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ. इथे तर बगदाद, अंकारा आणि तेहरान असे तीन तिसरे टपून बसले आहेत.

२०१४ मध्ये बगदादने अर्थसंकल्पातला आमचा वाटा रोखला. मार्च २०२३ मध्ये इराक-तुर्कस्तान तेलवादात लवादाचा निकाल लागला, तुर्कस्तानच्या जैहान बंदराकडे जाणारी तेलवाहिनी बंद पडली आणि अडीच वर्षे बंद राहिली. पगार रखडले. सुलेमानियाच्या कुठल्याही किराणा दुकानात जा आणि उधारीची वही उघडायला सांगा. पानामागून पान मास्तरांची आणि परिचारिकांची नावे दिसतील. पगार आला की खोडायची आणि महिना संपायच्या आत पुन्हा लिहायची. ज्या सरकारचे नोकर पगारासाठी बगदादकडे डोळे लावून बसतात, त्या सरकारची स्वायत्तता कागदावरच राहते. बगदादने पगाराला राजकारणाचे हत्यार करू नये, आणि एर्बिलने बगदादकडे बोट दाखवून स्वतःच्या तेलाचे आकडे झाकू नयेत.

म्हणून आमची पहिली मागणी तेलाचीच आहे. किती बॅरल निघाले, कोणाला विकले, किती आले, कुठे गेले, हे विधिमंडळात दर तीन महिन्यांनी मांडा. पण त्यासाठी विधिमंडळ भरले तर पाहिजे. ऑक्टोबर २०१५ मध्ये सभापतींनाच एर्बिलच्या वेशीवरून परत पाठवले गेले आणि सभागृहाला दोन वर्षे टाळे लागले. २० ऑक्टोबर २०२४ ला आम्ही पुन्हा रांगा लावून मते दिली, तरी वर्ष उलटून गेले तेव्हाही नवे सरकार बनले नव्हते. दुसरी मागणी पेशमर्गांची. त्यांची फौज एकच असावी आणि ती विधिमंडळाला जबाबदार असावी. किर्कुक आणि सिंजार कोणाच्या कारभारात असावेत, हा प्रश्न इराकी घटनेच्या १४० व्या कलमाने सोडवा. तिथल्या तुर्कमेन, अरब, यझिदी आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांना आमच्याइतकाच हक्क हवा, नाहीतर आम्ही बगदादपेक्षा वेगळे ते काय?

अमेदीच्या डोंगरात तुर्की फौजेचे तळ आहेत, खेड्यातले लोक सफरचंदाच्या बागा सोडून खाली आले आहेत. जानेवारी २०२४ मध्ये इराणची क्षेपणास्त्रे एर्बिलवर पडली. आमची भूमी कोणाच्याही लढाईचे मैदान होता कामा नये. तुर्कस्तानातल्या दियारबकिरचे, सीरियातल्या कामिश्लीचे आणि इराणातल्या महाबादचे कुर्द आमचे भाऊबंद आहेत. त्यांच्याविरुद्ध आमच्या मातीतून कोणाला वाट देऊ नये. ११ जुलै २०२५ ला सुलेमानियाजवळ तुर्कस्तानविरुद्ध लढणाऱ्या पीकेके या कुर्द संघटनेच्या सैनिकांनी आपल्या बंदुका जाळल्या. त्या वाटेने बोलणी पुढे जावीत, असे आम्हाला मनापासून वाटते.

या चळवळीत यायला कोणाच्या शिफारशीची गरज नाही. पक्षाचा पगार घेणाऱ्याला इथे पदाधिकारी होता येणार नाही. वर्गणी आणि खर्चाचा ताळेबंद दर महिन्याला प्रत्येक गावात शाळेच्या फळ्यावर लागेल, आणि ज्याला आकडा खटकेल त्याने भर सभेत उभे राहून विचारावे.