मायना साठवावा, मजकूर नव्हे

डोंबिवलीतील एखाद्या गृहनिर्माण संस्थेचे सचिवपद आपल्याकडे असल्यास महानगरपालिकेला पाठवावयाच्या अर्जाचा मायना आपण दरवेळी नव्याने टंकलिखित करता काय? वर्डमध्ये तो एकदा निवडून ऑल्ट व एफ-३ या कळा दाबाव्यात व त्यास नाव द्यावे. परिच्छेदाच्या अखेरचे चिन्ह निवडीत घ्यावे; अन्यथा ओळींमधील अंतर मागेच राहते. पुढे ते नाव लिहून एफ-३ दाबताच मायना मांडणीसह उमटतो. मोडी पत्रांतही मायने ठरावीकच असत. त्यात कमीपणा नाही. तक्रारीचा मजकूर मात्र साठवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पाणी किती दिवस आले नाही, हे दरवेळी स्वतः लिहावे. गतवर्षीच्या उन्हाळ्याची तारीख यंदाच्या अर्जात राहून जाते, ती साठवलेल्या मजकुरामुळेच.