रिकामी खुर्ची आणि शांत हात

युनिक्स सर्व्हरवर थोडा वेळ कीबोर्ड थंडावला की सेशन बंद! बऱ्याच ऑफिसांत हा नियम असतो आणि त्यावर कुरकुरही तेवढीच असते. माझं मत विचाराल तर नियम हवाच, पण सरसकट नको.

हवा का? रूट म्हणून लॉगिन केलेला माणूस चहाला गेला की त्याच्या खुर्चीत बसेल तो रूट. कार्ड व्यवहारांसाठीच्या पीसीआय डीएसएस मानकात 15 मिनिटं निष्क्रिय राहिलेल्याला पुन्हा ओळख पटवायला लावतात, ती याचसाठी. मग अ‍ॅडमिन टीएमआउट 900 सेकंद करतो, कोणी बदलू नये म्हणून रीडओन्ली करतो आणि निवांत होतो.

गोची इथेच आहे. बॅशमधला टीएमआउट फक्त प्रॉम्प्टवरची शांतता मोजतो. व्हीआय किंवा टॉप चालू असेल तर हे घड्याळ चालतच नाही. रूटने टॉप लावून खुशाल जेवायला जावं, सेशन जिवंत! कोणीही येऊन क्यू दाबला की प्रॉम्प्ट त्याच्या हातात. उलट, स्क्रीनवरचं लांबलचक आउटपुट मन लावून वाचणारा बिचारा बाहेर. एसएसएचचं क्लायंटअलाइव्हइंटरव्हलही अनेकांना यावरचा उपाय वाटतं. पण ते पलीकडचं मशीन उत्तर देतंय का, एवढंच बघतं. माणूस जागेवर आहे का, हे त्याला कुठून कळणार?

थोडक्यात, मशीन बोटं मोजतं, लक्ष मोजत नाही. आता हिंगोली जिल्ह्यात चला. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. भुजा 4-4 किलोमीटरच्या. एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यासाठी सुमारे 2600 कोटी रुपये मंजूर केले. अमेरिकेतल्या दोन लायगोंनी 14 सप्टेंबर 2015 ला पहिली लहर पकडली, तो संकेत होता जेमतेम 0.2 सेकंदांचा. अशा यंत्राचं निरीक्षण चालू असताना पडद्यांवर नजर ठेवणं आणि विनाकारण कशालाही हात न लावणं, हीच ड्युटी असते. तिथे तासभर एकही की दाबली गेली नाही, तर त्याला आळशी म्हणायचं का?

म्हणून माझा हिशोब साधा आहे. रूटची शेल उघडी ठेवायचीच नाही. लागेल तेवढी कमांड सुडोने द्यावी. रूट सेशन उघडलंच तर मर्यादा कडक असावी. बाकीच्यांचं सेशन तोडण्यापेक्षा कुलूपबंद करावं. स्क्रीन आणि टीमक्समध्ये तशी सोय आहे. आतलं काम चालू राहतं, परत आल्यावर पासवर्ड द्यायचा. आणि नुसतं बघत बसायचं असेल, तर बघण्यापुरतेच अधिकार असलेलं वेगळं खातं द्यावं आणि त्याला टाइमआउट लावूच नये.

सोमवारी तुमच्या सर्व्हरवर टीएमआउट किती आहे ते बघा. आणि टॉप लावून कोण जेवायला गेलंय, तेही!