सही कुणाच्या बापाची?

चवदार तळं १९२४ लाच खुलं झालं होतं. बोले ठरावाच्या जोरावर, महाड नगरपालिकेच्या कागदावर. आपली ओंजळ भरायला १९२७ उजाडावं लागलं.

तसलाच कागद २०१९ ला दिल्लीनं तृतीयपंथीयांना दिला. कलम १५ : हार्मोन, शस्त्रक्रिया, सगळ्याला विमा. २०२२ ला आयुष्मानमधून वर्षाला ५ लाखांचा करार. वाजवा टाळ्या! पण विम्याला हवं ओळखपत्र, अन् १८ च्या आतल्या पोराचा अर्ज कलम ५ नं ठेवला आईबापाच्या, नाहीतर पालकाच्या हाती.

म्हंजे महाडच्या वर, पोलादपूरच्या डोंगरात, कुडपणला मुलगा म्हणून वाढवलेली १५ वर्षांची पोर सही मागणार कुणाकडं? तिला बदडणाऱ्या बापाकडं! घर सोडायचं तर कलम १२ चं कोर्ट, पुढं पुनर्वसन केंद्र. तालुक्याला जायची एसटी गाठता गाठता जीव जातो, ती कोर्ट गाठणार?

साले म्हणतात, पोरवयात कापाकापी कशाला? अरे, मागतंय कोण? मी मागतोय दाढी फुटायच्या आधी तिचं ऐकून घेणारा डॉक्टर, तालुक्याच्या दवाखान्यात, फुकट. आणि कलम ५ मधली ती आईबापाची ओळ खोडा.